आईला घेऊन हैदराबाद : चार दिवस, सहा माणसं आणि एक गुडघा

गोदाकाठचा (परभणी)
राम राम मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत घरच्यांना घेऊन हैदराबादला जायचं चाललंय. मी, बायको, पोरगी तेरा वर्षांची, पोरगा नऊचा, मेव्हणा आणि आई. आईचं वय बहात्तर, उजव्या गुडघ्याचं काही खरं नाही. सपाटीला चालते, पण पायरी आली की थांबते, आधी पायरीकडं बघते आणि मग माझ्याकडं.

मेव्हण्यानं मोबाईलवर बघून एक कागद तयार केलाय. पहिल्या दिवशी चारमिनार, मक्का मशीद, लाड बाजार, सालारजंग संग्रहालय, चौमहल्ला राजवाडा. दुसऱ्या दिवशी गोवळकोंडा, कुतुबशाही घुमट, बिर्ला मंदिर, हुसेनसागर. तिसरा दिवस रामोजी फिल्म सिटी, चौथा प्राणिसंग्रहालय आणि रात्री गाडी. तो कागद वाचूनच माझे पाय दुखायलेत.

म्हाताऱ्या माणसाला घेऊन कोण जाऊन आलंय? यातलं काय गाळावं? मुक्काम सिकंदराबादेत करावा की जुन्या शहराकडं? आणि एक गंमत. आईला विचारलं तुला काय बघायचं, तर म्हणे काचीगुडा. अगं, ते रेल्वे स्टेशन आहे म्हटलं. तर म्हणे, "मला माहीत नाही व्हय? तेच बघायचंय." कामून, ते सांगत नाही.

रूळावरचा_बापू
परभणीहून तुम्हाला दिवसा देवगिरी एक्स्प्रेस आणि रात्री अजिंठा एक्स्प्रेस. अजिंठा तुमच्याकडं मध्यरात्र उलटल्यावर येते. त्या वेळेला म्हातारं माणूस आणि पेंगणारी पोरं घेऊन फलाटावर बसलात तर अर्धी सहल तिथंच संपेल. सकाळची देवगिरी धरा, दुपारी सिकंदराबादेत उतरा. दिवसाच्या गाडीत खिडकी कामाला येते. धर्माबाद गेलं की बासरच्या अलीकडं गोदावरीचा पूल लागतो. पोरांना तेव्हा उठवा, नाणी हातात द्या. आता आरक्षण साठ दिवस आधीच उघडतं, पूर्वीसारखं चार महिने आधी नाही. दिवाळीचं तिकीट हवं असेल तर आजच बसा.

काचीगुड्याला हसू नका हो. १९१६ ची इमारत आहे, घुमट-मिनार असलेली, निजाम उस्मान अलीच्या काळातली. मनमाडहून संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड करत हैदराबादला जाणारी आपली लाईन १९०० च्या सुमारास सुरू झाली, तीही निजामाच्याच राज्यात. छोटी लाईन होती, मीटरगेज. नांदेड विभाग तर आजही सिकंदराबादच्या झोनमध्येच आहे. आपल्या गाड्यांच्या तक्रारी कुठं पाठवायच्या असतात ते माहीत असेलच.

लातूरची_लेक
गेल्या वर्षी सासूबाईंना घेऊन जाऊन आले, म्हणून हक्कानं लिहिते. सगळ्यात आधी वार बघा! सालारजंग आणि चौमहल्ला दोन्ही शुक्रवारी बंद. प्राणिसंग्रहालय सोमवारी बंद. तुमच्या मेव्हण्यांना हे ठळक अक्षरात लिहून द्या.

चारमिनारवर आईंना चढवू नका. जिना मिनाराच्या आतूनच आहे, गोल, अरुंद, आणि एकेक पायरी अशी उंच की साडी सावरावी का भिंत धरावी तेच कळत नाही. वरून उतरणारे त्याच जिन्यात भेटले की मग आणखीनच. खालून बघितला तरी तो १५९१ चाच राहतो. बिर्ला मंदिरात मोबाईल आत नेऊ देत नाहीत, बाहेर ठेवावे लागतात. त्यामुळे कोण कुठं भेटणार ते आधी ठरवा. आमचे हे आणि दीर एकमेकांना अर्धा तास शोधत होते, मंदिर केवढं ते!

रामोजीला अख्खा दिवस जातो. शहराबाहेर तीसेक किलोमीटर, दोन हजार एकरांचा पसारा. पोरं खूश होतात, सासूबाई बसमध्ये झोपल्या. तुमच्याकडं चारच दिवस असतील तर गाळा.

धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी भरपूर न्या. दशम्याही. पहिल्या दीड दिवसाचा प्रश्न मिटतो.

माळावरचा_बोरी
हैदराबादला काय ठेवलंय? पोरांना मुंबई दाखवा. समुद्र तरी बघतील.

लातूरची_लेक
आईंना सकाळी साडेआठला लोकलमध्ये चढवून दाखवा, मग बोलू.

माळावरचा_बोरी
बरं बाई, माघार.

भागानगरी (मूळ वसमत, सध्या हैदराबाद)
धागा उशिरा बघितला. इथं राहून वीस वर्षं झाली, त्यामुळे जरा लांबण लागेल.

मुक्काम सिकंदराबादेत नको. तुम्हाला जे बघायचंय त्यातलं बरंच मुसी नदीच्या आसपास आहे. कोठी, सुलतान बाजार किंवा अबिड्सला राहा. सिकंदराबाद वेस्टहून मेट्रोत बसा, सुलतान बाजारला उतरा. स्टेशनात लिफ्ट आहे, गुडघ्याचा प्रश्न नाही. मेट्रो चारमिनारपर्यंत मात्र जात नाही, तिकडं ऑटोच. लॉज ठरवताना एकच विचारा, लिफ्ट आहे का, आणि चालू आहे का. हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

बसबद्दल एक गैरसमज आधीच काढतो. तेलंगणात बायकांना बस फुकट आहे, पण ओळखपत्रावर तेलंगणाचा पत्ता असेल तरच. आपल्या एसटीतलं अर्धं तिकीट इथं चालत नाही. आमची मावशी कंडक्टरशी भांडून आली, तीही मराठीत. गंमत म्हणजे त्याला सगळं समजलं.

गोवळकोंड्याला साडेतीनशेच्या वर पायऱ्या आहेत. आईंना खालीच बसवा, कमानीखालच्या टाळीपाशी. तिथल्या घुमटाखाली टाळी वाजवली की आवाज वर बालाहिसारला, म्हणजे गडाच्या माथ्यावर, जवळजवळ एक किलोमीटरवर ऐकू जातो, अशी ख्याती. पूर्वी वेशीवर कोण आलं याची खबर वर अशीच जायची म्हणतात. घुमटाचा आकार आवाज गोळा करून वर फेकतो, हे सोपं कारण. पण पोरांना आधी सांगू नका, नंतर सांगा.

आणि मराठी माणसानं कोठीत येऊन विवेकवर्धिनी न बघता जाऊ नये. जांबागेत आहे. निजामाच्या राज्यात मराठी पोरांना मराठीत शिकता यावं म्हणून ज्यांनी धडपड केली, त्यात केशवराव कोरटकर होते, आपल्या हिंगोलीकडच्या पुरजळचे. इथल्या हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. बाहेरून बघायला पाच मिनिटं लागतात, सेल्फीसारखं काही नाही, पण बघा.

काचीगुडा कोठीच्या जवळच आहे. आईंचं कारण कळलं की सांगा.

देवगिरीचा_दगड (संभाजीनगर)
गोवळकोंड्याचा विषय निघालाच आहे तर आमचाही हिस्सा सांगतो. १६८७ मध्ये औरंगजेबानं आठ महिने वेढा घालून तो किल्ला घेतला, तोही फितुरीनं एक दार उघडलं म्हणून. शेवटचा सुलतान अबुल हसन, म्हणजे तानाशहा, पकडला गेला आणि त्याला आणून ठेवला कुठं? आमच्या दौलताबादला, चिनी महालात. शेवटची वर्षं त्यानं तिथंच काढली, कबर खुलताबादला. म्हणून कुतुबशाही घुमटांत बाकी सगळे सुलतान सापडतात, हा एकच नाही. ज्यानं त्याला हरवलं तो औरंगजेबही खुलताबादलाच, आणि हैदराबादच्या निजामांचा मूळपुरुष पहिला आसफजाहसुद्धा. तुम्ही तिकडं राजवाडे बघायला जाताय, राजे आमच्याकडं आहेत.

आणि १६७७ ला दक्षिणेच्या स्वारीवर निघालेले शिवाजी महाराज याच तानाशहाला भागानगरात, म्हणजे हैदराबादला, भेटले होते. मादण्णा-आकण्णा तेव्हा त्याचे कारभारी. पोरांना हे किल्ल्यावर सांगा, पुस्तकात वाचलेलं अचानक खरं वाटतं.

भागानगरी
@देवगिरीचा_दगड, राजे तुमच्याकडं, बिर्याणी आमच्याकडं. वाटणी झाली.

देवगिरीचा_दगड
नान खलिया विसरलात का? तो कुठंय सांगा बरं तुमच्याकडं?

ज्वारीची_भाकर
अवांतर : हैदराबादी माणूस बोलताना 'नक्को' म्हणतो ना, तो आपलाच 'नको'. आणि 'आजच', 'मैंच', 'येइच' असा जो जोर देतात, तो 'च'ही मराठीतून दखनीत, म्हणजे तिकडच्या उर्दूत, गेलाय. हिंदीत म्हणतात 'आज ही'. मी नांदेडला शिकत होते तेव्हा आमच्या खोलीवर दिल्लीची एक पोरगी होती. हैदराबादच्या पोरीचं बोलणं तिला कळायचं नाही, मला मात्र सरळ कळायचं. दुभाष्याचं काम मीच करायचे.

रूळावरचा_बापू
आणि 'हौ'. आपण 'हाव' म्हणतो, ते 'हौ'.

ज्वारीची_भाकर
हौ!

गोदाकाठचा
सगळ्यांचे आभार. देवगिरीचं तिकीट मिळालं, गुरुवारचं. कोठीत लॉज घेतलाय, लिफ्ट आहे असं लिहिलंय. रामोजी गाळल्याचं पोरांना अजून सांगितलेलं नाही. आल्यावर लिहितो.

(तीन आठवड्यांनी)

गोदाकाठचा
धागा वर काढतोय. जाऊन आलो. सगळं क्रमानं लिहिणार नाही, लांबेल. जे झालं ते सांगतो.

लॉजवर लिफ्ट होती. तिच्यात दोन पोती आणि एक सायकल होती. खोली तिसऱ्या मजल्यावर. मालक म्हणाला उद्या चालू होईल. आई पहिल्या मजल्यावर थांबली, दुसऱ्यावर बसली आणि म्हणाली, "आता मला इथंच जेवायला आणा." रात्र कशीबशी काढली, सकाळी ॲडव्हान्सवर पाणी सोडून दुसऱ्या गल्लीत तळमजल्यावर खोली घेतली. भागानगरींनी दोन वेगळे प्रश्न सांगितले होते. मी एकच विचारला होता.

आता शुक्रवारची गोष्ट. लेकताई, तुम्ही सांगितलं होतं, मेव्हण्यानं कागदावर लिहूनही घेतलं होतं. पण तिकीट एक दिवस पुढं सरकलं तसा त्यानं सगळा कागद एक घर पुढं ढकलला आणि सालारजंग नेमका शुक्रवारवर आला. फाटकासमोर उभे राहिलो. बायको माझ्याकडं, मी मेव्हण्याकडं, मेव्हणा मोबाईलकडं.

तेवढ्यात आई ऑटोवाल्याला म्हणाली, "बाबा, हायकोर्ट कुठंय?" तो म्हणाला, "ये क्या सामनेच है अम्मा." खरंच पलीकडंच होतं. मुसीच्या काठाला ती लाल-पांढऱ्या घुमटांची इमारत आणि पलीकडच्या काठावर उस्मानिया दवाखाना. आत काही जाता येत नाही, रस्त्याच्या कडेनं बघितलं. आईनं दोन्ही हातांनी उन्हाची आड केली आणि बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "अण्णा हितं यायचे."

अण्णा म्हणजे तिचे वडील, माझे आजोबा. १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला, त्याच्या आधी आपल्याकडचे खटले वर गेले की इथंच यायचे. आजोबांचा भावकीत जमिनीचा दावा होता. तारीख पडली की छोट्या लाईननं रात्रीचे निघायचे, काचीगुड्याला उतरायचे, फलाटावरच धोतर झटकून तोंड धुवायचे आणि कोर्टाकडं चालत. काम झालं नाही तर तिथंच मुक्काम, पुढची गाडी. घरी आल्यावर पोरांना हैदराबाद म्हणजे काचीगुडाच सांगायचे, बाकी काही बघितलंच नसेल बहुतेक. माझ्या पंचेचाळीस वर्षांच्या आयुष्यात आईनं यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. सालारजंग उघडं असतं तर आताही कळलं नसतं.

ऑटोवाल्यानं मग उस्मानियाच्या आवारातलं चिंचेचं झाड दाखवलं. १९०८ च्या सप्टेंबरात मुसीला पूर आला तेव्हा त्या झाडावर चढून दीडशेच्या आसपास माणसं वाचली होती. पोरानं विचारलं, एका झाडावर दीडशे? मी म्हटलं मोज. तो फांद्या मोजत बसला, आम्हाला दहा मिनिटं विसावा मिळाला. त्या पुरानंतरच वरच्या अंगाला उस्मानसागर आणि हिमायतसागर बांधले, आता नदीत पाणी कमी आणि वास जास्त.

शनिवारी सालारजंग. बघायला दिवस पुरत नाही, आम्ही तीन तासांत आटपलं. संगमरवरातली ती बुरख्याची बाई, रेबेका, पोरगी तिच्याभोवती तीनदा फिरली. दगडातून चेहरा दिसतो कसा, बुरखा तर दगडाचाच आहे, असं तिचं म्हणणं. बरोबर आहे, मलाही कळलं नाही. मग घड्याळ. तासाला पाच मिनिटं कमी असताना लोक बाकांवर जमतात, मोबाईल वर. दाढीवाला एक बाहुला आतून येतो, ठोके देतो, परत जातो. टाळ्या पडतात. आई म्हणाली, "आमच्या शाळेत सखाराम शिपाई रोज टोल द्यायचा. त्याला बघाया कुणी आलं नाही."

रविवारी गोवळकोंडा. आई आणि बायको खाली, आम्ही वर. ठरल्याप्रमाणे बायको खालून टाळी वाजवणार आणि पोरं वर ऐकणार. पण खाली शंभर जण टाळ्या वाजवायलेत, त्यात आमची कोणती ते कळणार कसं? पोरगा म्हणाला मला आज्जीची ऐकू आली. आज्जीनं वाजवलीच नव्हती, ती शेंगा सोलत होती. तानाशहाची गोष्ट वर सांगितली. पोरगी लगेच म्हणाली, म्हणजे आपण दौलताबादला बघितली ती अंधारी जागा त्याचीच का? देवगिरीचा_दगड, ते अंधारी म्हणजे भुयार, चिनी महाल नव्हे, पण चालवून घेतलं.

लाड बाजारात दोन तास गेले आणि ते मला आवडले हे बायकोला सांगू नका. एका बोळात लाखेच्या बांगड्या करणारा बसला होता. पुढ्यात कोळशाची शेगडी. लाखेची कांडी तापवायची, पट्टीवर लाटून लांब करायची, गोल वळवून सांधायची आणि ती गरम आहे तोवरच खडे बसवायचे. सुईसारख्या हत्यारानं एकेक खडा उचलायचा आणि दाबायचा, नजर एकदाही वर नाही. पोरीनं मोजलं, एका बांगडीत चाळीसच्या वर खडे. आई मराठीत भाव करायली, तो दखनीत उत्तर द्यायला. "इत्ते में नक्को अम्मा." आई म्हणाली, "मग किती, ते तरी सांग की." दोघांनाही दुभाषी लागला नाही. पन्नास रुपये कमी झाले आणि इराणी हॉटेलात आम्ही ते चहा आणि उस्मानिया बिस्किटांवर घातले.

सोमवारी प्राणिसंग्रहालय बंद, हे मेव्हण्याला यावेळी लक्षात होतं. पोरांना मेट्रोत दोन फेऱ्या मारू दिल्या, संध्याकाळी हुसेनसागरात होडीनं बुद्धापर्यंत. केवढा तो एकाच दगडाचा पुतळा! १९९० ला नेताना तळ्यात बुडाला होता, त्यात माणसंही गेली, दोन वर्षांनी वर काढून उभा केला. रामोजीचं नाव पोरांनी चार दिवसांत एकदाच काढलं.

परतीची गाडी मुद्दाम काचीगुड्याहून घेतली होती. दीड तास आधी गेलो. आईनं घुमट बघितले, म्हणाली, "एवढंच व्हय? मला वाटलं लई मोठं असंल." मग बाकावर बसली, उरलेला शेवटचा धपाटा काढला. चार दिवसांचा, कडक झालेला. पाण्याच्या नळाकडं बघत तो सगळा खाल्ला, कुणाला दिला नाही.

लातूरची_लेक
शुक्रवारचं वाचून कपाळाला हात लावला आणि मग पुढचं वाचून हात काढला. फोटो टाका ना काचीगुड्याचा.

ज्वारीची_भाकर
पण त्या दाव्याचं काय झालं? जमीन मिळाली का आजोबांना?

गोदाकाठचा
फोटो नाही, आईनं काढू दिला नाही, म्हणे स्टेशनाचा काय फोटो काढता.

दाव्याचं मीही गाडीत विचारलं. म्हणाली, "हरले की. म्हणून तर बघायचं होतं, एवढा पैसा कुठं घातला ते."

माळावरचा_बोरी
पुढच्या वर्षी मुंबई का मग?

गोदाकाठचा
विचारलं आईला. म्हणे तिथं आपला कोणता खटला आहे?

भागानगरी
तळमजल्यावरच्या त्या लॉजची गल्ली मला व्यक्तिगत निरोपात कळवा. आमच्याकडं वसमतहून आत्या येणार आहे, दोन गुडघे.